जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक: जुने कॅलिपर दुरुस्त करावेत की नवे बसवावेत?

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं पुढचं चाक जॅकवर घेऊनही हाताने फिरत नसेल, तर बहुधा कॅलिपरमधला, म्हणजे पॅडने चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागातला, पिस्टन अडकलेला असतो. मग जुनाच खोलून सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलायचे की नवा कॅलिपर आणायचा? किमतीचा हिशोब नंतर. आधी पिस्टन बघा.

बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये सील कॅलिपरच्या खाचेत स्थिर असतो आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे तेल अडतं ते पिस्टनच्या गुळगुळीत पृष्ठभागावर. तिथला क्रोमचा थर गंजून खड्डे पडले असतील, तर नवा सीलही गळणारच. पण पिस्टन सुटे मिळतात. स्टेनलेस स्टीलचे पिस्टन, सीलचा संच आणि खाचेची नीट सफाई एवढ्यावर मूळ कॅलिपर पुन्हा उभा राहतो. माझा कौल दुरुस्तीलाच. मात्र तेलाची लाइन सोडण्याआधी पेडल हळूहळू दाबून पिस्टन पुढे आणा. काँप्रेसरच्या हवेने तो गोळीसारखा सुटतो, आणि मध्ये बोट सापडलं तर चुराच. कॅलिपरचे दोन भाग बोल्टने जोडलेले असतील, तर ते उगाच वेगळे करू नका.

नव्या कॅलिपरने वेळ वाचतो. बॉडीच फुटलेली किंवा खाच गंजाने खाल्लेली असेल तर दुसरा मार्गही नाही. पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंची आटे असतात आणि नव्या सुट्या भागात कधीकधी मेट्रिक निघतात. ब्रेकच्या पाइपच्या टोकाचा ३/८ इंची नट एम-१० च्या (मेट्रिक, १० मिलिमीटरच्या) भोकात सैलसर बसतोही, आणि खरा दाब आला की दगा देतो. नट बोटांनी फिरवून आधी खात्री करा.

मागच्या ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरचं (चाकाजवळ ब्रेक ढकलणाऱ्या सिलिंडरचं) गणित उलटं. तिथे सील पिस्टनबरोबर सरकतो आणि घासतो सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. ती भिंत खड्ड्यांची झाली की सिलिंडर नवाच घ्यावा. पेडलने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरलाही हेच लागू, फक्त दुर्मिळ गाडीचा असेल तर आत स्लीव्ह (धातूची नळी) बसवून घेता येते. जग्वार ई-टाइपवाल्यांनी मागच्या ब्रेकला घरी हात लावण्याआधी दहादा विचार करावा: तिथे डिस्क चाकाजवळ नाही, डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या पेटीला) लागून आहेत.

रबरी होज बाहेरून धड दिसले तरी आतून फुगतात, ब्रेक सोडल्यावर तेल परत येऊ देत नाहीत. ते बदलायचेच. जुन्या पॅडच्या भुग्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा फुंकर नको, ओलं फडकं वापरा.

ब्रेकच्या तेलात मी डॉट ४ (डॉट म्हणजे तेलाचा प्रकार) घेईन. ते ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं लागतं, आणि सांडलं तर रंग खातं. सिलिकॉनचं डॉट ५ रंगाला हात लावत नाही, ओलावाही शोषत नाही. पण त्यात हवेचे बुडबुडे अडकून पेडल मऊ लागतं, आणि जुन्या तेलात ते मिसळून चालत नाही. डॉट ५.१ मात्र नावाने जवळचं असलं तरी डॉट ४ च्याच घराण्यातलं.