हाताने फिरवायचा भट्टीचा जुना भाता: तेल गळतं, गळू द्या

माझ्या लोहारकामाच्या भट्टीला वारा देणारा हा भाता म्हणजे दांड्याने गिअरमार्फत फिरणारा पंखा. दांडा जाम झाला म्हणून तो दुरुस्तीला नेला, तर दुकानदार म्हणाला, "गिअर काढून फेका, मोटर बसवा, कटकट मिटेल." झाकणसुद्धा न उघडता! याचा राग अजून गेलेला नाही, कारण आत बिघडलेलं काहीच नव्हतं. आधीच्या कुणीतरी ग्रीस ठासलं होतं आणि ते वाळून दगड झालं होतं. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासलं, तर गिअरचे दात अगदी शाबूत निघाले.

म्हणून कळकळीने सांगतो, यात ग्रीस घालू नका. दांड्याच्या एका फेऱ्यात पंखा कित्येक डझन फेरे घेतो. त्या वेगाला ग्रीस दातांवरून बाजूला फेकलं जातं आणि परत येत नाही. पातळ तेल मात्र खालच्या गिअरबरोबर उडून वरपर्यंत पोचतं.

आता गळती. सुरुवातीला मी तिच्या हात धुऊन मागे लागलो होतो. फेल्टचे वॉशर कापून बसवले, झाकणाला नवं गास्केट लावलं. थेंब कमी झाले, पण दांडा जड झाला. तेव्हापासून मत बदललं. माझ्या गिअरबॉक्सला ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी, मुळातच नाही, त्यामुळे तेल शाफ्टवाटे बाहेर येणारच. वॉशर काढले, खाली डबा ठेवला, आणि काम सुरू करताना थोडं तेल घालतो. थेंब पडायचे थांबले, तर मात्र आधी आतलं तेल बघतो.

पंख्याच्या शाफ्टला सायकलच्या हबसारखे सुटे छर्रे आणि त्यांना दाबून धरणारे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे नट, आहेत. कोन जास्त आवळला तर हात सोडताच दांडा थांबतो. सैल राहिला तर पंख्याची पाती खोक्याला घासतात. थोडं थोडं फिरवत योग्य जागा सापडली, आणि हात सोडल्यावरही दांडा आपला आपण फिरत राहिला. तो आनंद काही औरच!

भट्टीचं ताट बिडाचं आहे. त्याला मातीचं अस्तर दिलं. ताट तापलेलं असताना पाणी मारायचं नाही, तडकतं.

मोटर न लावल्याचा खरा फायदा कोळशात दिसतो. लोखंड ऐरणीवर असताना वारा बंद, म्हणजे कोळसा उगाच जळत नाही. आणि हाताला आगीची खबर मिळते. जाळीवर वितळलेल्या राखेचं क्लिंकर साचलं की वाऱ्याची वाट अडते आणि दांडा एकाएकी हलका लागतो. लगेच आकडी घालून ते काढायचं.

एक धोका लक्षात ठेवा. ताजा दगडी कोळसा घालून वारा थांबवला, तर त्याचा गॅस नळीतून उलटा भात्यात शिरतो आणि पुन्हा दांडा फिरवताच आत भडका उडू शकतो. थांबताना मी खालचं राखेचं झाकण उघडतो, आणि तोवर दांडा हळूहळू चालू ठेवतो.