कोल्हापूरच्या राजारामपुरीतला गणिताचा क्लास : खरे मार्क पाहिजे असतील तर इथं घाला पोराला

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो जागेसाठी, शिकवण्याला मी पाचच्या पाच दिले असते.

आठवी ते दहावी, फक्त गणित, मराठी आणि सेमी दोन्ही मीडियमची पोरं एकत्र बसतात. सर रिटायर्ड शिक्षक आहेत, जाहिरात वगैरे काही करत नाहीत, चौकात टॉपरच्या फोटोंचे फ्लेक्स पण नाहीत. नवीन मुलगा आला की आधी चाळीस मार्कांची चाचणी घेतात आणि ती मागच्या इयत्तेवर असते. आमचा नववीत गेलाय, आठवीच्या प्रगतिपत्रकात गणिताला अ-१, म्हणजे ९१ च्या वर, आणि नोंद काय तर उपक्रमात उत्साहाने सहभाग घेतो. इथं त्याला ४० पैकी १३ पडले. घरात दोन दिवस कोण कोणाशी धड बोललं नाही.

सरांनी पेपर आमच्यासमोर ठेवला आणि एक एक गणित दाखवलं. बहुपदींची वजाबाकी होती, कंसाच्या बाहेर वजा चिन्ह असलं की आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलतात, हा गडी फक्त पहिल्या पदाचं बदलून पुढं पळायचा. मांडणी झकास, अक्षर मोत्यासारखं, शेवटी उत्तराखाली दोन रेघा, आणि उत्तर चूक. सर म्हणाले, "ह्याला समजतंय सगळं, पण हितं चुकतोय म्हणून कुणी सांगितलंच न्हाई बघा." घरी येऊन आठवीची वही काढली तर तीच चूक पानोपानी, आणि खाली बरोबरची खूण आणि छान! पोरगं कसं सुधारणार सांगा, त्याला वाटतंय आपलं बरोबरच आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण आमच्या ओळखीतल्या बऱ्याच पालकांचा अनुभव असाच आहे.

आता ह्या क्लासची जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती सांगतो. दर शनिवारी पेपर, तपासून सोमवारी परत. चुकीच्या पायरीला लाल गोल असतो, बरोबर उत्तर लिहून देत नाहीत. पोरानं ते गणित मागच्या पानावर परत सोडवायचं आणि चूक का झाली ते एका ओळीत स्वतःच्या शब्दात लिहायचं, ते जमलं की सर परत मार्क देतात, पण पहिले मार्क खोडत नाहीत, रजिस्टरला दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात आणि पालकांची सही दोन्हीवर घेतात. म्हणजे दुसरी संधी हाय, पण ती मेहनत केल्यावरच मिळते. आणि मार्क कुणाचेच मोठ्यानं वाचत नाहीत, पेपर घडी करून हातात देतात. कमी पडले म्हणून कुणाला टाकून बोललेलं मी तरी ऐकलेलं नाही. कडक तपासायचं आणि पोराचा अपमान पण करायचा नाही, हे एकत्र बघायला फार कमी मिळतं हो.

काही लोक म्हणतात की लहान पोरांना नापास न करणं हेच सगळ्याचं मूळ आहे. मला तसं वाटत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला २०१० ला, त्यात आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असं होतं आणि त्याला कारण होतं, पाचवी-सहावीत नापास झालेलं पोरगं परत शाळेत येत नाही, कामाला लागतं. आपल्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१७ लाच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्या काळातला रुपया! पोर शाळेत टिकलं पाहिजे ह्याबद्दल निदान ह्या गावात तरी वाद नको. पण कायद्यात नापास करू नका एवढंच नव्हतं, रोज बघत राहा, कुठं अडलंय ते शोधा, तिथं मदत करा हे पण होतं, आकारिक मूल्यमापन म्हणतात ते त्यासाठीच. ते राहिलं बाजूला. वर्ग भरगच्च, मास्तर इलेक्शन ड्यूटी आणि ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले, मग नोंदी एकाच्या बघून दुसऱ्याला लिहायच्या आणि सगळ्यांना अ नाहीतर ब. कमी ग्रेड दिली तर पालक भांडायला येतात ते वेगळंच, त्यामुळं मी एकट्या मास्तरांना दोष देणार नाही. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. चांगलं आहे, पण मधल्या वर्षांत चूक दाखवलीच नाही तर त्या परीक्षेचा उपयोग काय.

दहावीचं पण तेच. लेखी ८०, शाळेच्या हातात २०, पासिंग ३५. शाळेनं वीसपैकी वीस दिले की लेखीत पंधरा पुरतात. २०१९ ला भाषा विषयांचे तोंडीचे मार्क काढले होते, राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता हे खरं, पण केवढी घसरण! लगेच २०२० ला ते मार्क परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली का? मग तेच पोरगं ९० टक्के घेऊन अकरावी सायन्सला जातं आणि पहिल्या युनिट टेस्टला गार पडतं, आमच्या शेजारीच झालंय हे.

आमच्या पोराचं सांगायचं तर आधी अभ्यासाला बस म्हटलं की "पास तर करतातच की" हे ठरलेलं उत्तर असायचं. आता शनिवारच्या आधी रफ वही घेऊन स्वतः बसतो, रात्री जेवताना मध्येच उठून चिन्ह तपासून येतो. मार्क हळूहळू वर आलेत, परवाच्या पेपरात ४० पैकी २६, आणि ह्या २६ चा त्याला जेवढा आनंद झाला तेवढा अ-१ चा झालेला मी बघितला नव्हता. माझं ठाम मत झालंय की आयते मार्क मिळाले की पोर कष्ट करायचं सोडतं आणि ते लाडानं नाही, त्याला कष्टाचं कारणच उरत नाही म्हणून.

आता बाकीचं. जागा लहान, वर पत्रा आहे, एप्रिलमध्ये घामाघूम होतात पोरं, फॅन दोनच. जिना अरुंद. संध्याकाळी राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब, लांब लावून चालत या. भूमितीला वेग कमी पडतो, प्रमेयांवर जास्त रेंगाळतात असं मला वाटतं. सायन्स नाही, जेईई फाउंडेशन वगैरे नाही, नोट्स व्हॉट्सॲपवर येत नाहीत. तीन महिन्यांत ९५ पाहिजेत म्हणणाऱ्यांनी जाऊ नका, काही पालकांनी पहिल्याच महिन्यात मार्क बघून पोरं काढून घेतली.

फी मोठ्या क्लासेसच्या मानानं बरीच कमी, दोन हप्त्यात घेतात, अडचण सांगितली तर थांबतात पण. बॅच मे संपता संपता भरतात, त्यामुळं आधी जाऊन विचारा. जाताना प्रगतिपत्रक नेऊ नका, ते बघत नाहीत, मागच्या वर्षीच्या वह्या न्या, आणि पोराला कंपासपेटी देऊनच न्या, चाचणी त्याच दिवशी घेतात.