‘सेट’चं उत्तर काय: साधं कोडं की क्रिप्टिक?

नागपूरच्या उन्हाळी दुपारी कूलरसमोर बसून इंग्रजी शब्दकोडं सोडवणाऱ्यांत दोन पंथ आहेत: साधं कोडं आणि क्रिप्टिक, म्हणजे शब्दखेळात उत्तर दडवणारं. दोघांचाही कस लागतो तो ‘सेट’सारख्या क्रियापदाशी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत त्याचे सुमारे ४३० अर्थ आहेत.

साध्या कोड्यात क्लू एवढाच: ‘सेट’, ५ अक्षरं. ‘प्लेस’ बसतं, ‘फिक्स्ड’ही बसतं. वर्तमान आणि भूतकाळात रूप तेच, म्हणून काळाचाही पत्ता नाही. उभ्या शब्दातलं एखादं अक्षर हाती येईपर्यंत पेन्सिलच बरी.

क्रिप्टिकमध्ये मात्र क्लूच्या पोटातच उत्तर असतं. हा घ्या: ‘सेट डायल राँगली’, ४ अक्षरं. वाटतं, कुणीतरी तबकडी चुकीची लावतोय. पण ‘राँगली’ म्हणजे डायलची अक्षरं उलटसुलट करा. डी, आय, ए, एल यांचं झालं एल, ए, आय, डी: ‘लेड’, म्हणजे मांडलं. वाक्य वाचताना वर्तमानकाळ, उत्तर भूतकाळात! किती सुंदर बांधणी आहे ही. व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ (इथे ‘सेट’), क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटीच असते, हे लक्षात ठेवलं की वाट सापडते, आणि उत्तर बरोबर असल्याची खात्री तिथेच पटते.

माझा कौल क्रिप्टिकलाच. शब्दसंग्रह कमी वाटत असेल तर आधी महिनाभर साधी कोडी सोडवा. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत एखादा संग्रह मिळाला, तर मागची उत्तरांची पानं शाबूत आहेत ना, तेवढं बघून घ्या.