ग्रॅफाइटचा पिस्टन: छोट्या स्टर्लिंग इंजिनासाठी माझी पहिली पसंती

स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं छोटं स्टर्लिंग इंजिन (आत कोंडलेली हवा बाहेरून तापवून आणि थंड करून चालणारं) घरी करत असाल तर पिस्टनसाठी ग्रॅफाइटच घ्या. मी वापरतो तो बारीक कणांचा गज, ईडीएमच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्राच्या) इलेक्ट्रोडसाठी मिळतो तो. गाउजिंगची (विजेच्या आर्कने धातू वितळवून खाच पाडायची) तांब्याचा मुलामा दिलेली कांडी किंवा जुन्या सेलमधली कांडी यासाठी कामाची नाही.

या इंजिनाची ताकदच इतकी बेताची असते, की तेलाचा पातळ थरही त्याला जड जातो. ग्रॅफाइटला तेल लागतच नाही, ते अंगचंच घसरतं. (या घसरण्याला हवेतल्या बाष्पाचाही हातभार असतो, निर्वातात तेच ग्रॅफाइट भराभर झिजतं.)

माझ्या मते त्याचा खरा गुण मात्र प्रसरणाचा आहे. सिलिंडर म्हणून बोरोसिलिकेट काचेच्या सिरिंजची नळी धरा, बोअर (आतला व्यास) १६ मिमी. तापमान ६० अंशांनी चढलं तर काच साधारण ३ मायक्रॉन फुगते, ग्रॅफाइट ४-५ आणि ॲल्युमिनियम २२ मायक्रॉन. टेफ्लॉन शंभराच्या पुढे जातं! टेफ्लॉन हाताला कितीही गुळगुळीत लागू दे, थंडीत बेताचा बसवलेला त्याचा पिस्टन गरम झाला की अडकणारच, आणि ढिला ठेवला तर हवा गळणार.

फिट तपासायला नळी उभी धरायची, खालचं तोंड बोटाने बंद करायचं आणि वरून पिस्टन सोडायचा. तो हवेवर तरंगत सावकाश उतरला पाहिजे. बोट काढताच सर्रकन खाली आला की काम झालं. तिथे पोहोचायला शेवटचे काही मायक्रॉन मी साध्या कागदावर घासून काढतो. पॉलिश पेपरचे कण ग्रॅफाइटमध्ये रुतून बसतात आणि काच ओरबाडतात.

लेथवर ते लोण्यासारखं कापलं जातं, पण भुकटी फार. बेड झाकून घ्या, व्हॅक्यूम क्लीनरची नळी टूलजवळच ठेवा, मास्क लावा. वीजवाहक धूळ आहे, मोटरपर्यंत जाऊ देऊ नका. ग्रॅफाइट ठिसूळही आहे. पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनचं भोक थेट त्यात पाडलं तर कड तुटते, म्हणून आत पितळेचा छोटा तुकडा एपॉक्सीने चिकटवून भोक त्यात पाडा.

पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनात हा पिस्टन घालू नका. स्फोटाचे दणके त्याला सोसत नाहीत. तिथे पोलादी सिलिंडरमध्ये लॅप केलेला (बारीक पूड लावून घासून जुळवलेला) बिडाचा पिस्टनच बरा.