मितोमाची जर्सी आणि तालुक्याचे दुकान
वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी क्रीडासाहित्याच्या या दुकानात मेस्सी आणि रोनाल्डोच्या जर्सी दर्शनी भागात टांगलेल्या असतात. ब्रायटन या इंग्लिश क्लबकडून खेळणाऱ्या जपानी फुटबॉलपटू काओरू मितोमाची 22 क्रमांकाची निळी-पांढरी जर्सी मात्र आगाऊ मागणी नोंदवूनच मिळते. 2022 च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध त्याने अगदी गोलरेषेवरून चेंडू मागे वळवला, त्यावर सहकारी तनाकाने गोल केला आणि जपान 2-1 असा जिंकला, तरीही त्याचे नाव इकडे फुटबॉल नेमाने पाहणाऱ्यांपलीकडे फारसे पोचलेले नाही. त्याच्या देशात तो पहिल्या फळीतील खेळाडूंत गणला जातो. (त्सुकुबा विद्यापीठात त्याने ड्रिब्लिंगवरच (चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवत पुढे जाण्यावर) प्रबंध लिहिला होता, हे ऐकून दुकानदारही चकित झाले.) या जर्सीचे कापड हलके असल्याने विदर्भातील उन्हाळ्यात सुसह्य वाटते आणि छपाई स्वच्छ आहे, परंतु ही अधिकृत जर्सी नव्हे, हे दुकानदारांनी गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगायला हवे.