ब्रोकोली, पालक की कॅप्सूल?

घरात कुणाला अल्झायमर किंवा पार्किन्सन झालेला पाहिला की पन्नाशीतली माणसं ‘मेंदूसाठी काय खावं’ हे शोधू लागतात. वडोदऱ्यात थंडीत खंडेराव मार्केटला गेलात तर पालक-मेथीच्या जुड्या मिळतात, ब्रोकोलीही मिळते. ब्रोकोलीच्या अर्काची कॅप्सूल तर घरपोच येते.

सगळ्यात गाजावाजा ब्रोकोलीचा. तिच्यातलं सल्फोराफेन हे रसायन १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी वेगळं काढलं. ते पेशीतला ‘एनआरएफ-२’ हा स्विच चालू करतं आणि पेशी स्वतःच संरक्षक एन्झाइम्स बनवू लागते. उंदरांच्या मेंदूत त्याचा फायदा दिसलाय. माणसाचा आजार थांबल्याचा पुरावा नाही. शिवाय सल्फोराफेन भाजीत तयार नसतंच. चिरल्यावर ग्लुकोराफॅनिन हा त्याचा कच्चा माल आणि मायरोसिनेज हे एन्झाइम एकत्र आले की ते बनतं, आणि मायरोसिनेज उकळताना मरतं. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग शिजवा. नाहीतर भाजी उतरवल्यावर थोडी फेसलेली मोहरी घाला. नाकात जाणारा तो झणका मायरोसिनेजचीच करामत. फोडणीत तडतडलेली मोहरी इथे बिनकामाची.

पालकाचा पुरावा निदान माणसांवरचा आहे. शिकागोच्या रश विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ९६० वृद्धांवर सरासरी पावणेपाच वर्षं नजर ठेवली. सर्वाधिक पालेभाज्या, म्हणजे रोज साधारण सव्वा वाढप, खाणाऱ्यांची बुद्धी जणू अकरा वर्षांनी तरुण होती. अर्थात हे नुसतं निरीक्षण; पालेभाजी खाणारे इतर बाबतींतही जपून राहत असतील. पालेभाज्यांवर भर असलेल्या ‘माइंड’ आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं प्रत्यक्ष चाचणी झाली, तिच्यात २०२३ मध्ये बुद्धीत लक्षणीय फरक आढळला नाही. तरी मी पालकच उचलेन. त्यातलं ल्युटीन हे रंगद्रव्य तेलातुपाबरोबर अंगी लागतं, म्हणजे आपली लसणीची फोडणी कामाचीच.

कॅप्सूलला माझी पसंती शेवटची. अनेकींत ग्लुकोराफॅनिन असतं, एन्झाइम नसतं. मग सल्फोराफेन बनण्याची सगळी मदार आतड्यातल्या जिवाणूंवर, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. घ्यायचीच असेल तर लेबलवर मायरोसिनेज शोधा.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी यातल्या कशाच्याही भरवशावर सोडू नका. आणि रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. तिच्यातलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा हिशेब बिघडवतं. डॉक्टरांना सांगून रोजचं प्रमाण ठरवा.