हायड्रोमीटरवर १.०२५, पिशवीत खायचं मीठ

ठाण्यातल्या एका घरातला २०० लिटरचा मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. दोन क्लाउनफिश, दोन कोळंब्या, पाच-सहा गोगलगायी. सॅलिनिटी (खारटपणा) ३५, माशांना विषारी असलेले अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तरी एक कोळंबी कात टाकताना अर्धवट अडकून मेली, गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या आणि पहाटे पीएच ७.७ पर्यंत घसरायचा. दुकानदार दर खेपेला एक नवीन बाटली हातात ठेवायचा. आधी पीएच वाढवायची पावडर, मग कॅल्शियम, मग ‘जिवंत बॅक्टेरिया’. चार महिन्यांत बाटल्यांचा खर्च माशांच्या वर गेला. दोष होता तो त्याच दुकानातून ‘इम्पोर्टेड, फक्त रिपॅक केलंय’ म्हणून आलेल्या लूज मरीन सॉल्टमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायच्या सुट्या मिठात. त्यात अर्ध्याहून जास्त साधं मीठ निघालं.

ही लबाडी खपते, कारण ग्राहकाला एकच आकडा दाखवला जातो. हायड्रोमीटर पाण्याची घनता सांगतो, रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते. पाण्यात नेमकं काय विरघळलंय, ते दोघांनाही कळत नाही. किराणा दुकानातलं मीठ लिटरला ३५ ग्रॅम घातलं तरी काटा जवळपास तिथेच येतो. खऱ्या समुद्राच्या पाण्यात मात्र कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास आणि केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारी पाण्याची ताकद, ७ अंशांच्या जवळ असतो. केएच कमी असला की रात्री वाढणारा कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम नसेल तर कोळंबीचं नवं कवच नीट घडत नाही. रोग शोधायची गरजच नव्हती.

तपासणी बादलीत करायची, टँकमध्ये नाही. टँकच्या पाण्यात खडक, वाळू, आधी घातलेल्या बाटल्या असं सगळं मिसळलेलं असतं. १० लिटर आरओ पाणी घ्या, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य किंवा एक-दोन. पिण्याच्या प्युरिफायरचं चालत नाही, त्यात चवीसाठी बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. बादलीत ३६० ग्रॅम सॉल्ट घालून छोटा पंप चोवीस तास चालू ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५) तयार द्रावणावर जुळवून घ्या. मग केएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजा. केएच किटमध्ये ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश. चांगल्या सॉल्टचं, थेंबाने निळं झालेलं पाणी पिवळं व्हायला आठ-नऊ थेंब लागतात. या पिशवीचं पाणी तिसऱ्या थेंबालाच पिवळं झालं. कॅल्शियम १८०.

पावसाळ्यात आणखी एक खूण दिसते. खऱ्या मरीन सॉल्टमधली मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडं हवेतला ओलावा ओढतात, म्हणून जुलैत उघडी राहिलेली पिशवी गोळा होते. कोकणपट्टीतल्या हवेत महिनाभर उघडं राहूनही जे सॉल्ट वाळूसारखं सुटं सांडतं, त्याच्याबद्दल शंका घ्या. पुरावा मात्र बादलीचाच.

‘पीएच पावडर’ बहुतेक वेळा खायचा सोडाच असतो. २०० लिटरला केएच एक अंश वाढवायला ६ ग्रॅम पुरतो, त्याची किंमत किराणा दुकानात विचारा. टँकमध्ये अमोनिया असताना पीएच चढवला तर घात होतो: ७.८ वरून ८.३ वर गेला की विषारी स्वरूपातला अमोनिया साधारण तिप्पट होतो.

दुकानातली फुकट पाणीतपासणीही डोळ्यांसमोर करून घ्या. काही नायट्रेट किटमध्ये दुसऱ्या बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो. ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. न हलवता थेंब टाकून ‘पाणी एकदम बेस्ट’ म्हणणारे कमी नाहीत.

भेसळीचं पाणी एकदम बदलू नका. दर दोन दिवसांनी २० टक्के, म्हणजे ४० लिटर पाणी आणि १.४ किलो चांगलं सॉल्ट. सॅलिनिटी आणि तापमान टँकएवढंच ठेवा. केएच ३ वर असेल तर पहिल्या बदलात तो साधारण एक अंशच चढतो, आणि तेवढाच चढायला हवा. पाच बदलांनंतरही जुनं पाणी एक तृतीयांश उरलेलं असतं. मधल्या काळात कॅल्शियमच्या बाटल्या बंद, नवे मासे बंद.

तक्रार करायची तर पाकीट हाताशी हवं. सीलबंद पाकिटावर पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. कोऱ्या पांढऱ्या पिशवीवर यातलं काहीच नसतं, आणि दुकानदार बिलावर नुसतं ‘अ‍ॅक्वेरियम सामान’ लिहितो. बिलावर ‘मरीन सॉल्ट’ आणि वजन लिहून घ्या, बादलीच्या तपासणीचा व्हिडिओ काढा, पिशवीतलं पाव किलो हवाबंद डब्यात बाजूला ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा.